वनकाठ आणि पक्षिजीवन : तुंगारेश्वरच्या संदर्भात

वसई रोड स्थानकाच्या पश्चिमेस वसलेल्या माणिकपूरहून पूर्वेकडे पाहिले असता लोहमार्ग, रहिवासी इमारती आणि गोखिवरे, वालीव, सातिवली येथील औद्योगिक वसाहती यांच्यामागे तुंगारेश्वरची डोंगररांग उभी दिसते. २००३ साली अभयारण्य म्हणून घोषित झालेल्या सुमारे ८५ चौरस किलोमीटरांच्या या पानझडी वनाच्या पश्चिम पायथ्याने मुंबई–अहमदाबाद राष्ट्रीय महामार्ग जातो आणि दक्षिणेकडून चिंचोटी–कामण–अंजूरफाटा रस्ता व वसई–दिवा लोहमार्ग जातात. त्यापलीकडे, वसई खाडीच्या उत्तरेस, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा नागला विभाग आहे, तर ईशान्येस तानसा अभयारण्याचे विस्तीर्ण जंगल आहे. म्हणूनच राष्ट्रीय उद्यान आणि तानसा यांना जोडणारा दुवा म्हणून तुंगारेश्वरचे महत्त्व मानले जाते. या दुव्याच्या पायथ्याशी झपाट्याने वाढणारे शहर आहे. नवघर-माणिकपूर, वसई, नालासोपारा आणि विरार या चार नगरपरिषदा व आसपासची गावे मिळून २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक भरली. अशा स्थितीत जंगल किती चौरस किलोमीटर आहे, एवढेच विचारून भागत नाही. त्यांतले किती काठाचे आणि किती गाभ्याचे, हाही प्रश्न विचारावा लागतो, कारण पक्ष्यांच्या दृष्टीने ही दोन वेगळी जंगले असतात.

वन जेथे संपते आणि शेत, माळ, रस्ता, जलाशय किंवा वस्ती जेथे सुरू होते, त्या पट्ट्याला वनकाठ म्हणतात. नकाशावर तो एका रेषेसारखा दिसत असला, तरी प्रत्यक्षात त्याला रुंदी असते, कारण बाहेरचे ऊन, वारा, आवाज, बीज आणि प्राणी ती रेषा ओलांडून आत शिरतात. बाहेरच्या परिस्थितीमुळे वनाच्या आतील जीवनात घडणाऱ्या या बदलांना काठ-परिणाम असे नाव आहे, आणि हे बदल जेथवर पोहोचत नाहीत तो आतला भाग म्हणजे वनाचा गाभा होय. काठही सारखे नसतात. भातखाचरानंतर गवताळ वरकस जमीन, मग करवंदाच्या जाळ्या, मग विरळ झाडे आणि शेवटी दाट रान अशी चढण असेल, तर तो काठ मऊ म्हणावा. दाट झाडी जेथे एकाएकी तुटते आणि समोर गोदामाची भिंत किंवा सहापदरी महामार्ग येतो, तो काठ कठोर म्हणावा.

वनकाठाविषयीच्या वैज्ञानिक विचाराची सुरुवात त्याच्या कौतुकाने झाली. १९३३ साली अमेरिकी वनतज्ज्ञ आल्डो लिओपोल्ड यांनी शिकारयोग्य वन्यजीवांच्या व्यवस्थापनावर ग्रंथ लिहिला आणि दोन प्रकारचे अधिवास जेथे भेटतात तेथे असे प्राणी अधिक आढळतात, हे निरीक्षण त्यात मांडले. काठावर ऊन असते म्हणून झुडपे वाढतात, झुडपांना फुले-फळे येतात, त्यांवर कीटक जमतात, आणि शेजारीच लपायला दाट झाडी मिळते. त्यामुळे हे निरीक्षण तर्काला धरूनच होते. पुढील काही दशके वनात मोकळ्या जागा पाडून काठ वाढवणे हे चांगल्या व्यवस्थापनाचे लक्षण समजले गेले. या समजुतीला तडा दिला तो १९७८ साली गेट्स आणि गायसेल या संशोधकांनी. मिशिगन राज्यात शेत आणि जंगल यांच्या सीमेवरील पक्ष्यांची घरटी तपासताना त्यांना असे आढळले की, काठाजवळ घरटी दाट होती, परंतु त्यांतून पिल्ले उडून जाण्याचे प्रमाण काठाजवळच कमी होते. पक्ष्याला जी जागा उत्तम वाटते तीच त्याच्या वंशवृद्धीला घातक ठरावी, अशा स्थितीला परिसरशास्त्रात सापळा असे म्हटले जाऊ लागले. १९७९ पासून ब्राझीलमधील मानाऊस शहराजवळ थॉमस लव्हजॉय यांनी सुरू केलेल्या दीर्घकालीन प्रकल्पात १, १० आणि १०० हेक्टरांचे वनखंड मुद्दाम राखून त्यांतील बदल वर्षानुवर्षे मोजले गेले, आणि लहान तुकड्यांत काठ आतपर्यंत कसा पोखरत जातो याचे चित्र स्पष्ट झाले.

हे पोखरणे हवेपासून सुरू होते. दाट वनात पर्णछत्र ऊन अडवते, वारा रोखते आणि जमिनीलगतचा ओलावा धरून ठेवते. काठावर ऊन तिरपे आत शिरते, पालापाचोळा लवकर सुकतो, वाऱ्याने मोठी झाडे उन्मळतात आणि त्यांच्या जागी जलद वाढणारी झुडपे येतात. तुंगारेश्वरसारख्या वनात या जागा घाणेरी आणि रानमोडी या परदेशी झुडपांनी व्यापल्या जाण्याचा धोका मोठा असतो. पाचोळ्यातील गांडुळे, गोगलगायी, वाळवी आणि भुंगेरे ओलाव्यावर जगतात. तो सरला की जमिनीवर पाने उलटून खाणाऱ्या पक्ष्यांचे अन्नही सरते. येथे पानझडी वनाची एक खास बाजू लक्षात घ्यावी लागते. फेब्रुवारीपासून साग, ऐन, पळस, काटेसावर यांची पाने गळाल्यावर वनाच्या आतही ऊन पडते आणि काठ व गाभा यांतील फरक पुष्कळ कमी होतो. तो शिल्लक राहतो तो ओढ्याकाठच्या हिरव्या पट्ट्यांत. म्हणून उन्हाळ्यात वनाचा खरा गाभा या सावलीच्या, पाण्याच्या जागांमध्ये आटलेला असतो, आणि नेमक्या तेथपर्यंत पायवाट, कचरा किंवा वणवा पोहोचला तर त्याची हानी क्षेत्रफळाच्या मानाने कितीतरी अधिक होते.

काठाचा लाभ घेणारे पक्षी पुष्कळ आहेत आणि ते सहज नजरेस पडतात. लालबुड्या बुलबुल, शिपाई बुलबुल, दयाळ, शिंपी, सुभग, भारद्वाज, कोतवाल, सातभाई, शिंजीर, फुलटोचे हे सारे झुडपांत, मोकळ्या फांद्यांवर, बागांत आणि वाड्यांत रमणारे पक्षी आहेत. वड, पिंपळ, उंबर फळले की महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल आणि राखी धनेश काठावरच्या एकट्या झाडावरही येतात. वसईच्या पश्चिम पट्ट्यातील केळीच्या आणि नारळीच्या वाड्या, जुनी आंब्या-फणसाची झाडे आणि बावखले म्हणजे वाड्यांतली लहान तळी यांमुळे अशा पक्ष्यांना शहरातही आसरा मिळत आला आहे. या पक्ष्यांचे अन्न विविध असते, घरट्याच्या जागेबद्दल त्यांचा हट्ट नसतो आणि मोकळी जागा ओलांडण्याची त्यांना भीती नसते. परिसरशास्त्रात अशांना सामान्यजीवी म्हणता येईल.

याउलट गाभ्याच्या पक्ष्यांच्या गरजा काटेकोर असतात. मलबारी कर्णा हा लाल पोटाचा पक्षी मधल्या उंचीच्या फांदीवर निश्चल बसून राहतो, सावलीतल्या हवेत उडणारा किंवा पानावर बसलेला कीटक झेप घालून टिपतो आणि कुजून मऊ झालेल्या खोडात कोरून घरटे करतो. म्हणजे त्याला सावली, कीटक आणि मेलेली उभी झाडे या तिन्ही गोष्टी एकाच जागी लागतात. पावसाळ्याच्या तोंडावर येणारा नवरंग काटक्या, मुळ्या आणि सुक्या पानांचा ओबडधोबड गोळा जमिनीवर किंवा बुटक्या झाडाच्या बेचक्यात रचतो, त्याला एका बाजूला गोल तोंड ठेवतो, आणि पाचोळ्याच्या ढिगात हा गोळा वेगळा ओळखू येत नाही यावरच त्याच्या अंड्यांची सुरक्षितता अवलंबून असते. कोकणातील वनझऱ्यांच्या काठी जून महिन्यात तिबोटी खंड्या मातीच्या उभ्या दरडीत बीळ कोरतो; जेमतेम चिमणीएवढा हा पक्षी सापसुरळ्या, पाली, बेडूक, खेकडे आणि कीटक आणून पिल्लांना भरवतो, आणि त्यासाठी त्याला झाडीखालून वाहणारा, न बुजलेला ओढा जवळ हवा असतो. श्यामा, नारंगी डोक्याचा कस्तूर, नीलमणी यांचीही ओढ सावलीकडेच असते.

गाभ्यात आणखी एक व्यवस्था दिसते, ती मिश्र थव्यांची. भृंगराज, क्वेकर सातभाई, नीलमणी, सुतार असे भिन्न जातींचे पक्षी एकत्र फिरत कीटक शोधतात. एकाने उठवलेला कीटक दुसऱ्याच्या तोंडी पडतो आणि शिकरा आला की सर्वांत आधी ज्याला दिसतो त्याच्या आवाजाने सगळे सावध होतात. असा थवा दाट झाडीतून वाट काढत जातो आणि रुंद मोकळी जागा ओलांडण्यास त्यातील अनेक पक्षी धजत नाहीत. त्यामुळे माणसाला किरकोळ वाटणारा रस्ता या पक्ष्यांसाठी नदीच्या पात्रासारखा आडवा पडतो, आणि दोन्ही बाजूंना जंगल असूनही त्यांचा वावर एका बाजूपुरता उरतो.

काठावरच्या घरट्यांवर संकट येते ते मुख्यतः भक्षकांच्या रूपाने. कावळा, डोमकावळा, मुंगूस, उंदीर, साप, मांजर आणि कुत्रा यांचा वावर वस्तीजवळच्या काठावर अधिक असतो. यांतील कित्येकांची संख्या जंगलातल्या अन्नाने ठरत नाही, ती माणसाच्या उष्ट्या-खरकट्यावर ठरते. वर्षभर कचऱ्यावर पोसलेले कावळे आणि कुत्रे घरट्यांच्या हंगामात जवळच्या रानात शिरतात, आणि घरट्यांतली अंडी संपली तरी त्यांना उपासमार होत नाही. म्हणून शिकार घटली की शिकारीही घटतो हा निसर्गाचा अंकुश येथे चालत नाही. उत्तर अमेरिकेत यात काऊबर्ड या परभृत पक्ष्याची भर पडली. मोकळ्या कुरणांतून आलेला हा पक्षी काठालगतच्या वनपक्ष्यांच्या घरट्यांत आपली अंडी घालतो आणि त्या पक्ष्यांची पिल्ले मागे पडतात, हे १९८० च्या दशकात अनेक अभ्यासांतून पुढे आले. तुंगारेश्वरच्या बाबतीत हंगामाचा मेळही विचारात घ्यावा लागतो. डोंगरातल्या तुंगारेश्वराच्या मंदिरातील महाशिवरात्रीची जत्रा घरट्यांच्या मुख्य काळाआधी येते. परंतु श्रावणातील देवदर्शन आणि चिंचोटीच्या धबधब्यावरील पावसाळी गर्दी नवरंग, तिबोटी खंड्या आणि धबधब्याजवळच्या कपारीत घरटे करणारा शीळकरी कस्तूर यांच्या विणीच्या काळातच येते. भाविकांनी आणि सहलकरूंनी मागे टाकलेली अन्नाची पाकिटे म्हणजे वनाच्या आत, ओढ्याच्या काठी, कावळ्यांना दिलेले आमंत्रण ठरते.

आवाजाचा परिणाम डोळ्यांना दिसत नाही म्हणून तो दुर्लक्षिला जातो. पक्षी गाण्याने हद्द सांगतात, जोडीदार शोधतात आणि धोक्याची सूचना देतात. वाहनांचा सततचा घरघराट खालच्या पट्टीतला असल्याने त्या पट्टीत गाणाऱ्यांचा आवाज त्यात बुडतो. अमेरिकेच्या आयडाहो राज्यात संशोधकांनी, रस्ता नसलेल्या जंगलात सुमारे अर्धा किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात ध्वनिक्षेपक लावून स्थलांतराच्या काळात फक्त रहदारीचा आवाज ऐकवला, आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या पट्ट्यात पक्ष्यांची संख्या चतुर्थांशाहून अधिक घटली. डांबर नाही, धूर नाही, तोडलेले झाड नाही, तरीही केवळ आवाजाने जंगलाचा एक पट्टा पक्ष्यांसाठी निकामी झाला. मुंबई–अहमदाबाद महामार्गावर अवजड वाहनांची रीघ रात्रंदिवस चालू असते, हे ध्यानात घेतल्यास अभयारण्याचा पश्चिम उतार किती खोलवर काठाच्या अमलाखाली असेल याची कल्पना येते.

गाभा किती झपाट्याने आक्रसतो, हे साध्या भूमितीने समजते. एक किलोमीटर लांब आणि तितकेच रुंद, म्हणजे १०० हेक्टरांचे चौरस वन घ्यावे आणि काठाचा परिणाम २०० मीटर आत पोहोचतो असे धरावे. चारही बाजूंनी तेवढा पट्टा वगळल्यास ६०० मीटर बाजूचा चौरस, म्हणजे ३६ हेक्टरांचा गाभा उरतो. या वनाच्या मधोमध १० मीटर रुंदीचा एक रस्ता काढला, तर कागदोपत्री एकच हेक्टर जमीन जाते. पण रस्त्याच्या दोन्ही अंगांना नवा काठ तयार होऊन गाभा १२ हेक्टरांच्याही खाली येतो. तेच १०० हेक्टर अडीचशे मीटर रुंद आणि चार किलोमीटर लांब अशा पट्टीच्या रूपात असतील, तर गाभा शून्य होतो. प्रकल्पासाठी वनजमीन देताना किती हेक्टर जाणार एवढेच मोजणे किती अपुरे आहे, ते या उदाहरणावरून दिसून येते.

जगभरातील पाहण्याही याच दिशेने बोट दाखवतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार पृथ्वीवरील ७० टक्के वनक्षेत्र कोणत्या ना कोणत्या काठापासून एक किलोमीटरच्या आत आहे. २०१७ साली १,६०० हून अधिक पृष्ठवंशीय जातींच्या माहितीवरून असे मांडले गेले की, सुमारे ८५ टक्के जातींच्या संख्येवर काठाचा बरा किंवा वाईट परिणाम होतो, आणि गाभ्यावर अवलंबून असलेल्या जाती कठोर काठापासून २०० ते ४०० मीटर आत गेल्यावरच भरात येतात. भारतापुरते पाहायचे तर ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या २०२३ च्या अहवालात ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल ठरवता आला त्यांपैकी २०४ जातींची घट दिसली, आणि विशिष्ट अधिवासाला बांधलेल्या जाती सामान्यजीवी जातींपेक्षा अधिक संकटात असल्याचेही दिसले.

तरीही प्रत्येक काठ वाईटच, असा सरसकट निष्कर्ष काढणे शास्त्राला धरून होणार नाही. १८८४ नंतर ज्याची खात्रीलायक नोंद नव्हती आणि १९९७ साली जो शहाद्याजवळ पुन्हा सापडला, तो वनपिंगळा २०१४ साली तानसा अभयारण्यातही आढळला. हा पक्षी सागाच्या विरळ, मोकळ्या पानझडी वनात राहतो, उघड्या जागेतल्या पाली, सरडे आणि उंदीर टिपतो, पण घरट्यासाठी त्याला ढोली असलेली मोठी जुनी झाडे लागतात. केवळ घनदाट झाडीला चांगले वन मानणाऱ्याने अशा ठिकाणी दाट लागवड केली, तर त्याचे शिकारीचे अंगण बुजेल. आणि जुनी झाडे तोडली, तर त्याचे घर जाईल. म्हणून संरक्षणाचा विचार पक्ष्यागणिक, वनप्रकारागणिक करावा लागतो.

हीच विवेकबुद्धी काठावर राहणाऱ्या माणसांच्या बाबतीतही लागते. वारली, मल्हार कोळी, कातकरी यांचे पाडे आणि त्यांची भातशेती ही या काठाची जुनी अंगे आहेत. राबासाठी झाडांच्या फांद्या छाटून त्या रोपवाटिकेच्या जमिनीवर भाजण्याच्या पद्धतीने काठावरील झाडांचा आकार बदलतो, गुरांच्या चराईने रोपे खुडली जातात आणि हाताबाहेर गेलेला वणवा पाचोळ्यासकट जमिनीवरची घरटी जाळतो, हे खरे आहे. परंतु खाचर, वरकस, झुडूप आणि रान असा क्रमाने चढत जाणारा मऊ काठही याच जीवनपद्धतीने टिकवला. शेताची जागा गोदाम आणि चाळ घेतात तेव्हा हा मऊ काठ कठोर होतो, आणि वनाच्या हद्दीत एकही झाड न तुटता गाभा आत सरकतो.

यावरून तुंगारेश्वरच्या पक्ष्यांसाठी काय करावे याचा क्रम लावता येतो. पहिले काम म्हणजे अखंड असलेला गाभा नव्याने न चिरणे. रस्ते, वीजवाहिन्या, जलवाहिन्या यांना आधीच्या मार्गांलगत नेणे हे वनाच्या मधून नवी वाट पाडण्यापेक्षा नेहमीच कमी नुकसानीचे असते. दुसरे काम काठ मऊ करण्याचे आहे : हद्दीलगत उंबर, करंज, आसाणा, करवंद अशा स्थानिक झाडाझुडपांचे पट्टे राखावेत, घाणेरी टप्प्याटप्प्याने काढून त्या जागी देशी झुडपे येऊ द्यावीत आणि मेलेली उभी झाडे सरपणासाठी न तोडता ठेवावीत. तिसरे काम कचऱ्याचे आहे. देवस्थानाच्या वाटेवर आणि धबधब्यांवर अन्नाचा कण मागे राहू न देणे आणि पायथ्याच्या वस्त्यांतील भटक्या कुत्र्या-मांजरांची संख्या आटोक्यात ठेवणे, हे पक्षिसंरक्षणाचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहेत. चौथे काम नागला, तुंगारेश्वर आणि तानसा यांना जोडणारी झाडी तुटू न देण्याचे आहे, विशेषतः कामणच्या बाजूस, जेथे रस्ता आणि लोहमार्ग दोन्ही आडवे येतात.

कायद्याने याची चौकट दिलेली आहे. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये संरक्षित क्षेत्रांभोवती पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र घोषित करता येते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवती असे क्षेत्र डिसेंबर २०१६ मध्ये अधिसूचित झाले आणि त्याची रुंदी काही ठिकाणी अवघी १०० मीटर, तर काही ठिकाणी ४ किलोमीटर आहे. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये अशा क्षेत्रासाठी किमान एक किलोमीटरची अट घातली होती, ती एप्रिल २०२३ मध्ये शिथिल केली. काठ-परिणामाच्या मोजमापांकडे पाहता १०० मीटरांचा पट्टा गाभ्याचे रक्षण करण्यास पुरेसा नाही, हे उघड आहे. जेथे शहर अंगाला भिडले आहे तेथे पट्टा रुंद करता येत नसेल, तर आवाज, प्रकाश आणि कचरा यांवरचे निर्बंध तेवढेच कडक असावे लागतील.

पक्षिनिरीक्षकांनाही मोजणीची दृष्टी बदलावी लागेल. एका सकाळी किती जाती दिसल्या, या आकड्यावर वनाचे आरोग्य ठरवले तर काठ नेहमीच गाभ्यावर मात करील, कारण तेथे बागेतले, शेतातले आणि रानातले पक्षी एकत्र भेटतात. जंगल खचत असतानाही जातींची यादी काही काळ वाढत राहू शकते. त्याऐवजी मलबारी कर्णा, नवरंग, श्यामा, क्वेकर सातभाई अशा निवडक वनपक्ष्यांची हद्दीपासून किती अंतरावर नोंद झाली, ते ठरावीक मार्गांवर दरवर्षी त्याच महिन्यांत टिपले, तर गाभा सरकतो आहे की टिकतो आहे हे दहा वर्षांत सप्रमाण सांगता येईल. वसई-विरारमधील महाविद्यालयांना आणि निसर्गमंडळांना हे काम महागड्या साधनांशिवाय करता येण्याजोगे आहे.

वसई-विरारला पाणी पुरवणारे पेल्हारचे धरण याच डोंगरांच्या पायथ्याशी आहे, म्हणजे या वनाच्या गाभ्याशी माणिकपूरच्या नळाचाही संबंध आहे. तुंगारेश्वरचे क्षेत्रफळ सरकारी नोंदीत उद्याही तितकेच राहील. परंतु त्याची खोली राखायची की नाही, हे महामार्गाच्या या बाजूला राहणाऱ्या नागरिकांच्या आणि त्यांच्या प्रतिनिधींच्या निर्णयांवर ठरणार आहे. म्हणून यापुढे या डोंगरात कोणताही प्रकल्प आला, तर किती हेक्टर जमीन जाणार या प्रश्नाबरोबर नवा काठ किती किलोमीटर तयार होणार, हा प्रश्न प्रत्येक वसईकराने विचारावा आणि त्याचे लेखी उत्तर मागावे.